मागच्या दारानं उचलून न्यायचं

चहा थंड होऊ देऊ नका, पण ऐका. मी आयुष्यात एकदा बँकेवर चिडून कर्ज फेडलंय. मुदतीच्या कितीतरी आधी, सगळंच्या सगळं, एका झटक्यात! लोक एवढं ऐकून म्हणतात, "वा सर, काय स्वाभिमानी माणूस!" मी मान हलवतो अन् विषय बदलतो. कारण पुढचं सांगितलं की स्वाभिमान बाजूला राहतो अन् नुसता मी उरतो. पण तुम्ही घरचे. शिवाय मी नाही सांगितलं तर आमची मंडळी सांगेलच, अन् ती सांगते तेव्हा माझी नक्कल करून सांगते.

लातूरचा नवा नवा जिल्हा झाला होता तेव्हाची गोष्ट. कलेक्टर कचेरी आली, झेडपी आली, कुठली कुठली खाती आली. जिकडं बघावं तिकडं नवी पाटी अन् पाटीखाली जुनंच घर. मी मूळचा नांदेडचा. माझी बायको सुशीला, तिला लातूरच्या एका शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली, म्हणून आम्ही आलो. आता मी काय करावं? मला एकच गोष्ट नीट येत होती, ती म्हणजे टायपिंग. म्हणलं, एवढ्या कचेऱ्या म्हणजे केवढे कारकून लागणार! अन् कारकून म्हणलं की टायपिंगची परीक्षा आलीच. आपण क्लास काढू.

बँकेनं मशिनींसाठी कर्ज दिलं. महिनाभर खेपा झाल्या, पण एकदा कर्ज मंजूर झालं की बँक म्हणजे अगदी माहेर हो! बसा, चहा घ्या, इथं सही करा. मशिनी आल्या, अन् त्यांच्या मागोमाग बँकेचा पेंटर आला. त्यानं प्रत्येक मशिनीच्या कपाळावर तांबड्या रंगात लिहिलं, 'बँकेकडे तारण'. जवळून दिसावं म्हणून नाही, रस्त्यावरून दिसावं एवढं!

परिणाम लगेच. औशाकडचे एक गृहस्थ पोरीचं नाव घालायला आले. मशिनीकडं बघत राहिले.

"सर, ह्या मशिनी तुमच्या न्हाईत का?"

"माझ्याच आहेत की."

"मग हे काय लिवलंय?"

"ते... बँकेची पद्धत असते तशी."

"हाव, पण उद्या बँकेनं उचलून नेल्या तर? आमच्या पोरीनं काय नुसती टेबलावर बोटं आपटायची का?"

अन् पोरीला घेऊन गेले! तुम्हीच सांगा, माणसाचं डोकं फिरेल का नाही? सुशीलानं प्रत्येक मशिनीवर भरतकामाचा रुमाल टाकून दिला. पण रुमाल टाकून टायपिंग कसं करणार? ते एक कुणी सांगितलं नाही.

त्यात दुष्काळ. दोन वर्षं पावसानं आमच्याकडं बघितलंच नव्हतं. नळ कधी येईल त्याचा भरवसा नाही. टँकर यायचा, पण त्या पाण्याला रॉकेलचा वास. आमचं एक बरं होतं. पुढच्या दोन खोल्यांत क्लास, मागं आम्ही राहायचो, अन् मागच्या अंगणात एक आड होता. आसपासचे आड कोरडे पडले, पण आमच्या आडाला पाणी होतं, तेही गोड. आम्ही गल्लीला देत होतो, आम्हाला पुरत होतं. मला त्यात विशेष काही वाटायचं नाही. माझा जीव मशिनींत.

अशात बँकेचे फिल्ड ऑफिसर तपासणीला आले. बिराजदार साहेब, उदगीरकडचे. लई शांत माणूस. सायकल टेकवली, मशिनी मोजल्या, प्रत्येकीचं एकेक बटण दाबून बघितलं. मी चहा मागवला, तर म्हणले, "चहा नको सर, घोटभर पाणी द्या." पाणी प्याले. तांब्याकडं बघितलं. अजून प्याले. अन् गेले.

मी सुशीलाला म्हणलं, "बघितलंस? बँकेचा माणूस चहा नाकारतो! प्रकरण गंभीर दिसतंय."

"अहो, उन्हातून आले असतील. तहान लागली असेल."

"तुला बँक माहीत नाही," मी म्हणलं. जसं काही मला माहीत होती!

आठवडा गेला नाही तोच बिराजदार साहेब परत हजर. परत चहाला नकार, परत पाणी. मग परत आले. मग परत! मी हप्ता वेळेवर भरून राहिलो, एकदा तर पुढचाही आधीच भरला, तरी हा माणूस येऊन राहिला! आला की एक खोली बघायचा, दुसरी बघायचा, अन् मग हळूच विचारायचा, "मागं दार आहे का सर?"

आता तपासणीला आलेल्या माणसाला मागच्या दाराशी काय करायचं? एकदा तर ते सरळ मागं गेले, अंगणात उभे राहिले, दारापासून गल्लीपर्यंत चालत जाऊन आले. म्हणलं, हा माणूस मी मशिनी मागून पळवीन का काय ते बघून राहिला!

मग मी एक युक्ती केली. युक्ती कसली, तीच नडली. पण तेव्हा मला ती फार हुशारीची वाटली. मी पोरांना सांगून ठेवलं, साहेबांची सायकल दिसली की सगळ्यांनी एकदम टायपिंग सुरू करायचं. जोरात! क्लास कसा धडाक्यात चाललाय ते बँकेला कळलं पाहिजे. पोरं काय, तयारच. साहेब दारात आले की असा काही खडखडाट व्हायचा की शेजारची म्हातारी खिडकी लावून घ्यायची. साहेब माझ्याजवळ येऊन काहीतरी बोलायला तोंड उघडायचे.

"सर, एक इचारायचं होतं..."

"हाव साहेब! जोरात चाललंय साहेब!"

"न्हाई, मी म्हणतो..."

"पोरं लई हुशार आहेत साहेब!"

ते बिचारे थोडा वेळ उभे राहायचे, पाणी प्यायचे, हात हलवून जायचे. मी खूश. म्हणलं, पळवला!

आणि एक दिवस ते बँकेच्या मॅनेजरलाच घेऊन आले.

मी तेव्हा आतल्या खोलीत रिबन बदलत होतो. हात काळे झालेले. खिडकीतून बघितलं तर दोघं बाहेरच्या बाहेर, बोळातून थेट मागच्या अंगणात! मला हाकही मारली नाही. मी खिडकीशी कान लावून उभा राहिलो. माझ्या स्वतःच्या घरात चोरासारखा!

बिराजदार म्हणत होते, "दोन माणसं बास झाली साहेब. सकाळी पोरं यायच्या आत पाठवू. मागच्या दारानं उचलून न्यायचं, कुणाला तरास न्हाई."

मॅनेजर म्हणले, "पण सरांना आधी सांगितलं पाहिजे. असं न विचारता बरं दिसत नाही."

"मी लई डाव इचारायला आलो साहेब. ते बोलूच देत न्हाईत."

माझ्या हातातली रिबन खाली पडली अन् कोपऱ्यापर्यंत उलगडत गेली. आता यात न कळण्यासारखं काही राहिलं होतं का? उचलून न्यायचं! मागच्या दारानं! पोरं यायच्या आत! मी बाहेर जाऊन दोघांना जाब विचारायला पाहिजे होता. पण माझे पायच हलले नाहीत. ते गेल्यावर हलले.

संध्याकाळी सुशीलाला सगळं सांगितलं. ती शांतपणे भाकरी थापत होती.

"हप्ते तर सगळे भरलेत आपण. मग का उचलतील?"

"त्यांना कारण लागतं का? नवीन जिल्हा आहे, मशिनींना मागणी आहे. नेतील अन् कुठल्या तरी कचेरीला विकतील!"

"अहो, उद्या बँकेत जा अन् सरळ विचारा ना."

"काय विचारू? कधी नेताय, म्हणून? मी घरी थांबू का, म्हणून?"

ती हसली नाही. मी घाबरलोय हे तिला दिसत होतं. क्लास गेला असता तर तिच्या एकट्या पगारात घरभाडं अन् नांदेडला माझ्या आईवडिलांना पाठवायचं, हे जमणार नव्हतं. मी म्हणलं, "कर्जच फेडून टाकतो. ना कर्ज, ना तारण, ना बिराजदार!"

"कशातून?"

मी दाराबाहेर बघितलं. बाहेर आमची स्कूटर उभी होती. नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून मिळालेली. मी रोज सकाळी सुशीलाला तिच्यावरून शाळेत सोडायचो, शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिनं माझ्याकडं बघितलं, स्कूटरकडं बघितलं, अन् एवढंच म्हणली, "माझे थोडे साठलेत पोस्टात. तेही घ्या."

हे आठवलं की मला आजही बरं वाटत नाही. पण पुढं ऐका.

दुसऱ्या दिवशी पहाटे स्कूटर काढली अन् अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठलं. मेव्हणा सुधाकर रेल्वेत, त्याचा बरेच दिवस आमच्या स्कूटरवर डोळा.

"दाजी, एवढी चांगली गाडी का विकून राहिले?"

"विकून नाही राहिलो सुधाकर, एका जाचातून सुटून राहिलो!"

त्याला काही कळलं नाही, पण त्यानं पैसे काढून दिले. जास्त विचारलं तर माझं मन बदलेल म्हणून असेल. येताना यष्टीत उभ्यानं आलो. पूर्ण रस्ताभर बँकेत काय बोलायचं त्याची तालीम करत होतो. शेजारचा माणूस लोह्याला उतरेपर्यंत माझ्यापासून जरा लांबच उभा होता.

दुसऱ्या दिवशी पोस्टातले पैसे काढले अन् बँकेत गेलो. खिडकीवरच्या कारकुनाला म्हणलं, "कर्ज फेडायचंय."

"हप्ता का?"

"सगळं!"

"सगळं म्हंजे?"

"सगळं म्हणजे सगळं!"

त्यानं पेन ठेवलं अन् आत जाऊन कुणाला तरी विचारून आला. मग आणखी कुणाला तरी. टेबलाटेबलावरून माना वळायला लागल्या. असा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. तरी एक सांगतो, कर्ज घेताना ज्यांनी मला महिनाभर खेपा मारायला लावल्या, त्यांनी ते बंद करायला अर्धा तासही घेतला नाही. पैसे मोजले, शिक्का मारला, पावती फाडून हातात दिली.

पावती हातात आली अन् मला आवाज फुटला. मी मधोमध उभा राहिलो.

"आता या म्हणावं मशिनी उचलायला! मागच्या दारानं काय, पुढच्या दारानं या! गरिबाच्या घरात सकाळी सकाळी माणसं घालता? हीच का तुमची बँक?"

मॅनेजर केबिनमधून बाहेर आले. त्यांच्या मागं बिराजदार साहेब.

"कसल्या मशिनी सर?" मॅनेजरनी विचारलं.

"मी खिडकीतून माझ्या कानानं ऐकलंय! दोन माणसं, पोरं यायच्या आत, उचलून न्यायचं!"

मॅनेजरनी बिराजदारांकडं बघितलं. बिराजदारांनी जमिनीकडं बघितलं. मग हळूच म्हणले, "सर, ते पाणी हो."

"कसलं पाणी?"

"तुमच्या आडाचं. बँकेत ते टँकरचं पाणी पिऊन सगळ्यांची पोटं बिघडलीत. तुमच्याकडं एकदा पाणी प्यालो, गोड लागलं. म्हणलं, रोज दोन हंडे द्याल का, ते इचारावं. चार-पाच खेपा केल्या. पण तुम्ही इचारू कुठं देता? मी तोंड उघडलं की पोरं सुरू!"

कुठंतरी एक कारकून खोकल्यासारखं हसला.

"मग... तपासणी?"

"ती पहिल्यांदा आलो तेव्हाच झाली की! आता पुढल्या वर्षी."

मॅनेजर म्हणले, "कर्जदाराकडून फुकट घेणं बरं दिसत नाही, म्हणून मी स्वतः बघायला आलो होतो. हंड्यामागं काहीतरी द्यावं, असं चाललं होतं आमचं."

मी पावतीकडं बघितलं. मग शक्य तेवढ्या बारीक आवाजात विचारलं, "हे... परत फिरवता येतं का?"

कारकून म्हणला, "शिक्का पडला सर."

काय करता! मी म्हणलं, "उद्यापासून माणसं पाठवा. पाणी न्या." अन् बाहेर पडलो. उन्हात, पायी.

घरी सुशीलानं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता फुटणार. पण तिनं एकच विचारलं, "सुधाकर हप्त्यानं पैसे घेऊन गाडी परत देईल का?" मी नांदेडला शेजारच्या दुकानात फोन लावून निरोप ठेवला. उत्तर आलं की सुधाकर बायकोला घेऊन माहूरला देवीच्या दर्शनाला गेलाय, नव्या गाडीवरून! विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेचे दोन शिपाई मागच्या दारानं आले अन् सुशीलानं स्वतः त्यांचे हंडे भरून दिले. मग पदर डोक्यावर घेऊन चालत शाळेला गेली. रोज जायची. मी बरोबर चालत गेलो तर म्हणायची, "तुम्ही राहू द्या, क्लासला उशीर होईल." ते बोलणं मला शिव्यांपेक्षा जास्त लागायचं.

हे मॅनेजरच्या कानावर गेलं. एक दिवस त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं अन् म्हणले, "बाई, तुमची नोकरी कायम आहे. मोपेड घ्या. नंबर लावावा लागत नाही, कर्ज आम्ही देतो. चालवायला बिराजदार शिकवतील."

सुशीलानं माझ्याकडं बघितलंही नाही. "द्या," म्हणली.

कागद तयार झाले. तिनं सह्या केल्या. मॅनेजर म्हणले, "आता फक्त एक जामीनदार पाहिजे."

मी खुर्ची पुढं ओढली. म्हणलं, एवढं तरी आपल्या हातानं होऊ दे. खिशातून पेन काढलं.

मॅनेजरनी हळूच कागद माझ्यासमोरून उचलला अन् सुशीलाकडं सरकवला.

"बाई, सर सोडून दुसरं कुणीही आणा. हे कुठंतरी खिडकीशी अर्धं काहीतरी ऐकतील अन् आठ दिवसांत तुमचंही कर्ज फेडून मोकळे होतील. आम्हाला पण बँक चालवायची आहे हो!"