फ्लेक्सवरचा भाऊ

गुन्हेगारी कमी व्हावी म्हणून सरकारचं एक खातं आहे. तुरुंगातून सुटलेल्या माणसाला ते कामधंद्याला लावतं. माझ्या धाकट्या भावाला मात्र त्या खात्यानं लागलेल्या धंद्यातून उठवलं.

गारगोटीकडे, माझ्या माहेरी, बांधाच्या भांडणात त्याच्या हातून एकाचं डोकं फुटलं. शिक्षा भोगून आला तर गावात कुणी तोंडाकडे बघेना, म्हणून मी त्याला हुपरीला माझ्या घरी आणलं. इथं घरोघरी चांदीचे पैंजण होतात. माझ्या नवऱ्यानं त्याला कड्यांना डाग द्यायला, म्हणजे त्या तापवून जोडायला, शिकवलं. हात चांगला बसला, तसा आम्हाला घडवायला चांदी देणारा व्यापारी त्यालाही वेगळी चांदी देऊ लागला. काम करताना चांदी थोडी घटते, आणि कारागीर सांगेल ती घट खरी, असा इथला रिवाज. भावाचा शब्द चालायला लागला होता. पोटभर जेवायलाही लागला होता.

मग खात्यानं त्याला गॅसची बत्ती आणि हत्यारं फुकट दिली. साहेब भला माणूस, हे मुद्दाम सांगते. वाईट माणसाला शिव्या देणं सोपं असतं. कोल्हापुरात कार्यक्रम झाला, हार घातला. आणि आपल्याकडे बारशापासून बाराव्यापर्यंत फ्लेक्स लागल्याशिवाय काही झालं असं कुणाला वाटतच नाही. दुसऱ्या दिवशी हुपरीच्या एसटी स्टँडसमोर माझा भाऊ हात जोडून उभा, आणि डोक्यावर ठळक अक्षरं: 'गुन्हेगारी सोडून कष्टाच्या वाटेवर'.

संध्याकाळी व्यापारी आला. चहाही घेतला.

"वैनी, पोरगं चांगलं हाय, माझं काय म्हणणं न्हाय. पर उद्या घट जरा जास्त आली, तर कुणाच्या शब्दावर इस्वास ठेवलास म्हणून धंद्यातलं माझं भाऊच मला इचारतील की."

जाताना भावाची चांदी घेऊन गेला, आणि एकाच छपराखाली म्हणून आमचीही. नवरा आता दुसऱ्याच्या कारखान्यात रोजावर जातो.

मी खात्यात जाऊन भांडले. साहेब म्हणाले, "ताई, यात लाजायचं काय? आम्हाला त्याचा अभिमान आहे." अभिमान यांचा आणि उपाशी आम्ही.

परवा ते पाहणीला आले. दिलेली हत्यारं वापरात आहेत, असा फोटो त्यांना हवा होता. घरात चांदीचा तुकडा नव्हता. शेवटी मी पायातले पैंजण काढून भावापुढे ठेवले. पहिल्या मजुरीतून त्यानंच ते माझ्यासाठी केले होते. त्यानं बत्ती पेटवली, मान खाली घातली. फोटो झाला. "काम जोरात दिसतंय," म्हणत साहेब खूश होऊन गाडीत बसले.

भावानं बत्ती विझवली नाही. पैंजण उलटेपालटे करत म्हणाला, "आक्का, हिथली एक कडी सुटायला आलीया. देऊ डाग?"

दे म्हटलं. फ्लेक्स लागल्यापासून त्याला मिळालेलं तेवढंच काम.