वीतभर जास्त रुंद खुर्ची

दत्तूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात एका गिऱ्हाइकाला त्यानेच केलेली खुर्ची दाखवत होते. बाजूला जाऊन ऐकलं, आणि परत येऊन बैठकीची रुंदी सांगू लागले... महिना झाला, तो आकडा डोक्यातून जात नाही. कुठंही धड बसवत नाही.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, पेडगावचा सुतार. फर्निचर डिझाइन शिकल्यावर पहिली आरामखुर्ची करायला मी त्याच्याकडेच नकाशा घेऊन गेले. ठेंगणी, साधी, कुठंही नक्षी नको अशी. मामाने वाळलेली बाभूळ काढली. बैठकीचं आणि पाठीचं सूत त्याच झाडाची साल उकळून रंगवलं, स्वतः विणलं. लाकूड कुठं संपतं आणि विणकाम कुठं सुरू होतं ते कळू नये, इतका रंग जुळला. पण माप मात्र त्याने नकाशावरून घेतलंच नाही. जमिनीवर मांडी घालून दोन्ही गुडघ्यांशी खडूने रेघा ओढल्या. खुर्ची नकाशापेक्षा वीतभर जास्त रुंद झाली. प्रदर्शन आठवड्यावर आलेलं, मी भडकलेच.

"अगं माय, मग माणूस मांडी कुठं घालील?"

"आरामखुर्ची आहे मामा, पाय सोडून बसायचं असतं!"

"पाय लोंबकळत ठेवून कसला आलाय आराम? इतकी घाई कशाला करायलीस? एकदा बसून तर बघ."

मी बसले नाही. मामाने वीण उसवली, आडव्या पट्ट्या कापल्या आणि पाच दिवस मान खाली घालून सगळं पहिल्यापासून विणलं.

प्रदर्शनात खुर्चीचं फार कौतुक झालं. मामा इस्त्रीचा सदरा घालून आला होता. मी त्याला हौसेने बसवलं. सवयीने त्याने मांडी घातली, पण एक गुडघा खुर्चीच्या हातांच्या मधे मावेना. थोडा वेळ अवघडून बसला, मग हळूच खाली उतरून खुर्चीला पाठ टेकून फरशीवर बसला. लोक हसले. मीही हसले... त्या हसण्याची आता लाज वाटते.

ती खुर्ची माझ्या खोलीत आहे. महिनाभर तिच्याभोवती नुसती येरझाऱ्या घालत होते. काल शेवटी चपला काढून मांडी घातली. उजवा गुडघा काही केल्या आत येईना.

मामा, बसून बघितलं रे.