जेवायला कुणाकुणाला हाक मारता?

इकडं ये गं रेवती, कागदावरून का होईना, पण जवळ ये. आधी रागावून घेते. तुझी आजी, माझी शांताक्का गेली आणि मला तिसऱ्या दिवशी कळवलंत? "म्हातारीला धक्का बसेल" म्हणे! अगं, धक्के खाऊनच म्हातारी झाले मी… दीड महिना झाला, रोज चार ओळी लिहिते आणि खोडते. माझी शाळा दुसरीतच सुटलेली. पुढचं वाचायला शिकले ते दुकानाच्या पुड्यांच्या कागदांवरून. तेव्हा बोलते तसंच लिहिणार, वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

शांताक्का माझी आत्तेबहीण. निजामाचं राज होतं, आम्ही जालन्याला मस्तगडात राहायचो. मी अकरा वर्षांची, ती हैदराबादला कॉलेजात. आत्या वारली तेव्हा आक्का पाळण्यात होती, म्हणून सुट्टीला ती मामाच्या घरी, आमच्याकडंच यायची. त्या उन्हाळ्यात आली ती उर्दूत छापलेल्या कागदांचा गठ्ठा घेऊन. "सवालनामा आहे," म्हणाली. घरोघर विचारायचं, लेकरं किती, शाळेत जातात किती, बाकीची का जात नाहीत. त्यावर निबंध लिहून प्रोफेसरांना द्यायचा. पण आक्काचा जीव निबंधात नव्हता. मुलींची शाळा मागायची तर आधी मुली कागदावर दिसल्या पाहिजेत, हे तिचं एकच टुमणं. वडील म्हणाले, "दिसून काय करणार?" ती म्हणाली, "मामा, न दिसता काय झालं ते बघतेच आहे की." आणि माझ्याकडं बघितलं. मी आपली पीठ चाळत होते.

माझं आजोळ हसनाबादचं. बैलगाडीनं आम्ही दोघी तिथं गेलो. आक्का मराठीत विचारायची, उर्दूत लिहायची, बायका तोंडाला पदर लावून तिच्या उलट्या लिहिण्याला हसायच्या. "ही बाई शेवटाकडून सुरू करून राह्यली!" पाच-सहा दिवस बराबर चाललं. मग एके दिवशी शेजारची गयाबाई म्हणाली, "लेकरं? दोन." समोर तीन पोरं भाकरी खात बसलेली. मी पटकन म्हणाले, "मंग हा तिसरा कोणाचा?"

"गप बस की कारटे!" गयाबाईनं लाटणंच उगारलं.

आजीला विचारलं तर ती डोक्याला हात लावून हसत सुटली. "अगं शहाणे, एवढी कॉलेजात गेल्ती न् एवढं ठावं न्हाई? पोटचं कुणी मोजून सांगतंय व्हय? दिष्ट लागते. एक पोटात ठेवायचं."

"कोणतं?" आक्कानं विचारलं.

"जे जास्त जीवाला लागलंय ते."

म्हणजे भरलेले सगळे कागद एकेकानं कमी. मला वाटलं आक्का चिडेल. तिनं कागद गोळा करून बाजूला ठेवले. मग हळूच मला म्हणाली, "कुशे, मला हे माहीतच नव्हतं गं… मला पोटात ठेवायला कुणी होतंच कुठं." आजीनं तिला जवळ ओढलं. आईविना वाढलेल्या पोरीकडून झालेली ती चूक, इतर कुणाकडून झालीच नसती.

दुसऱ्या दिवशी तिनं सवालच बदलला. "लेकरं किती" बंद. "मावशी, जेवायला कुणाकुणाला हाक मारता?" झालं! बायका भडाभडा नावं घेऊ लागल्या, वर प्रत्येकाची तक्रारही. एक नाव आलं की मी ओच्यात एक चिंचोका टाकायचा. आक्का कागदावर नावंच लिहायची, बेरीज मांडायची नाही. "मोजायचं पाप प्रोफेसरसाहेबांच्या माथी," म्हणायची. पोरींची नावं कमी यायची खरी. पण त्यांची लग्नं लवकर होत, सासरी गेल्या असतील असं आम्ही धरून चाललो.

सगळं संपवून जालन्याला परतलो. आक्का खुशीत होती. आपली युक्ती दाखवायला तिनं आईलाच विचारलं, "मामी, जेवायला कुणाकुणाला हाक मारता?"

आई भाकरी थापत होती. मान वर न करता तिनं माझ्या तिन्ही भावांची नावं घेतली. आणि थांबली.

"आणि कुशी?"

"तिला कशाला हाक मारायची? ती चुलीपाशीच असते की माझ्या."

आई काही वाईट बोलली नव्हती. खरंच होते मी तिथं, तिच्या हाताशी, तव्याजवळ. तरी मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरले… आक्काचा चेहरा पांढरा पडला. "कुशे, हसनाबादच्या पोरी घरातच होत्या गं. आपणच त्यांना सोडून आलो."

कॉलेज उघडायला चार दिवस होते. वडील म्हणाले, "परत हसनाबादला बिलकुल जायचं नाही." ती गेली. मला घेऊन गेली. ह्या खेपेला अंगणात न बसता थेट चुलीपर्यंत जायची आणि आईला नाही, पोरीलाच नाव विचारायची. कितीतरी जणी आधी आईकडं बघायच्या, सांगू का म्हणून. कॉलेजात उशिरा पोचली म्हणून प्रोफेसरांनी तिला फैलावर घेतलं, असं पत्रात कळवलं होतं. शाळा काही आली नाही. पुढं राजच बदललं.

पण मला तिचा एक प्रश्न मिळाला ना. लग्न झालं, लेकरं झाली, नातवंडं झाली; आक्का भेटली की इतरांचं सोडून आधी मला विचारायची, "कुशे, तू जेवलीस का?" मी चुलीपाशी आहे म्हणजे जेवले असेन, असं तिनं कधी धरलं नाही. आता घरात सगळे माया करतात गं, पण हे विचारायचं कुणाच्या ध्यानात येत नाही. काल ताट वाढून घेतलं आणि तशीच बसून राहिले… कुणी विचारील म्हणून. मग माझी मलाच लाज वाटली.

रेवती, लवकर ये. येताना काही आणू नको. नुसती ये, आणि उंबऱ्यातूनच विचार.