मंगलाबाईंची गप्प बालवाडी

मंगलाबाई गिरधर पाटील यांनी ब्राह्मणपुरीजवळच्या आपल्या गावात बालवाडी चालवली ती पार केस पांढरे होईपर्यंत. पण ही गोष्ट पहिल्या हंगामाची, सत्तावन्न सालच्या कापूस वेचणीची. मंगलाबाई तेव्हा पस्तिशीच्या आसपास होत्या आणि त्यांची कूस उजवली नव्हती. गावाला त्याबद्दल जे बोलायचं होतं ते सुरुवातीच्या वर्षांत बोलून झालं होतं. आता गावाला त्यांची नुसती कीव येत असे. कीव बोलण्यापेक्षा वाईट. बोलणाऱ्याला उलट उत्तर देता येतं, कीव करणाऱ्याला काय देणार?

त्या काळी वेचणीला जाणारी बाई तान्ह्याला बाळागोळी चारायची. मोहरीएवढी अफूची गोळी, दुधात उगाळून. मग पोर बांधावरच्या बाभळीला झोळीत टांगलं की दिवस कलेपर्यंत हूं की चूं नाही. याला नशा म्हणायचं हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. नशा करतात ते नदीकाठी चिलीम ओढणारे टगे. घरातली गोळी हे औषध, आजीने आईला आणि आईने लेकीला सांगितलेलं. सरकारचं म्हणणं निराळं पडलं. पाळण्यात अफूची गोडी लागलेली पोरंच मिसरूड फुटताना चिलमीकडे वळतात, तेव्हा मुळावरच घाव घाला, असं वरून ठरलं आणि विकास गटाकडून अनुदान आलं. जागा गावाने द्यायची. सतरंज्या, दुधाची भुकटी, लाकडी खेळणी आणि सांभाळणाऱ्या बाईचं मानधन सरकारचं. हा हंगाम बघायचा, काम बरं दिसलं तर पैसा पुढे चालू.

जागा गिरधरभाऊंनी दिली, आपल्या खळ्यातली कापसाची कोठी. आणि बाई कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा मंगलाबाई पदर सावरून स्वतःच उभ्या राहिल्या. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. गिरधरभाऊ घरी एवढंच म्हणाले की पोरं आली तर आली, नाही आली तर मनाला लावून घेऊ नकोस. मनाला लावून घ्यायचं नाही तर मग पोरं हवीत तरी कशाला, असं मंगलाबाईंच्या ओठांवर आलं होतं. धुळ्याच्या शिबिराला त्या एकट्या जाऊन आल्या, कोठी शेणाने सारवली आणि वाट बघत बसल्या.

पहिले काही दिवस कुणी फिरकलं नाही. मग फुलवंताबाई आली. ही मजुरीवर जाणारी, घरी सासू अंथरुणाला खिळलेली. तिची आधीची दोन लेकरं गेली होती, म्हणून तिसऱ्याचं नाव तिने दगा ठेवलं होतं; दगडासारखं बिनमोलाचं नाव असलं म्हणजे मरणाची नजर जात नाही. दगाला तिने सतरंजीवर ठेवलं, तो झोपलेलाच होता. संध्याकाळी तसाच शांत घेऊन गेली. तिचं बघून इतर आल्या. आठवडाभरात कोठी भरली.

आणि काय गुणी पोरं ती! मंगलाबाई शिबिरात शिकलेलं बडबडगीत म्हणायच्या, मांडीवर थोपटायच्या, की पोरं गप्पगार. दुपारी कोठीत चिमण्यांचा आवाज तेवढा ऐकू यायचा. बायका म्हणू लागल्या, मंगलाबाईंच्या हाताला गुण आहे. मंगलाबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आपल्याला देवाने पोर दिलं नाही, पण पोरं निजवायचा हात दिला, असं त्या गिरधरभाऊंना सांगत. वाटीतलं दूध बहुतेक उरायचं, त्याचं दही लागायचं, त्यात त्यांना काही वावगं दिसलं नाही. सुखात असलेल्या माणसाला आपण होऊन खोट दिसत नाही.

पौषात प्रमिलाबाई आल्या. या गटाच्या मुख्यसेविका, बालवाड्या तपासणाऱ्या, धुळ्याकडच्या, बोलायला मऊ पण नजर तेज. जीप खळ्यात उभी राहिली तेव्हा भर दुपार होती आणि कोठीत रांगेने पोरं निजली होती. प्रमिलाबाई दारातच थबकल्या. इतकी शांत बालवाडी आपण तालुक्यात पाहिली नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं, आणि अनुदान पुढे चालू ठेवा असंच लिहीन म्हणाल्या. मग सरपंच हिंमतरावांनी आग्रह केला म्हणून त्या समोरच्या ओट्यावर चहाला बसल्या.

इकडे मंगलाबाईंनी हौसेने दूध कालवलं. बाईंसमोर पोरं उठून दूध पिताना दिसावीत, म्हणून एकेकाला उठवायला लागल्या. पोरं डोळे किलकिले करायची आणि पुन्हा मान टाकायची. दगा तर हललाच नाही. त्याला उचललं तर तो हातांत ओल्या फडक्यासारखा लोंबला. श्वास चालू होता, पण एक झाला की दुसऱ्याची वाट बघावी लागत होती. मंगलाबाईंना शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं, अफू चढली की डोळ्याची बाहुली बारीक होते. त्यांनी दगाची पापणी वर केली. डोळ्यातली काळी बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती.

शेजारच्या पोराची पापणी वर केली, तेच. त्याच्या पलीकडच्याचं, तेच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. आपल्या हाताला गुण नव्हता, गुण गोळीचा होता.

ओट्यावर कपबशा वाजत होत्या. बाई आता उठतील, जीप जाईल, लिहायचं ते चांगलंच लिहितील. हे खरं की एक क्षण मंगलाबाई दाराकडे पाठ करून उभ्या राहिल्या. हे बंद झालं तर उद्यापासून पुन्हा ते रिकामं घर. मग दगाचा पुढचा श्वास फारच उशिरा आला, आणि त्या त्याला घेऊन ओट्याकडे धावत सुटल्या.

"ताई, या पोरेस्ले अफू देयेल शे. सगळास्ले. हाऊ उठत नही."

प्रमिलाबाईंनी कप खाली ठेवला आणि ड्रायव्हरला हाक मारली. बाकीच्या पोरांपाशी बसून त्यांना जागं ठेवा, असं हिंमतरावांना बजावलं आणि गिरधरभाऊंना फुलवंताबाईला आणायला पिटाळलं. शहाद्याच्या दवाखान्यापर्यंत मंगलाबाई दगाच्या तळपायांना टिचक्या मारत होत्या, गालावर पाणी शिंपडत होत्या, रड रे बाळा, रड, म्हणत होत्या. इतके दिवस ज्यांना पोरांच्या गप्प राहण्याचा अभिमान होता, त्या आता एका रडण्यासाठी सगळ्या देवांना साकडं घालत होत्या.

डॉक्टरांनी बरीच खटपट केली. दिवस कलताना दगा रडला, आधी मांजरासारखा आणि मग चांगला खणखणीत.

तोवर फुलवंताबाई गिरधरभाऊंबरोबर बैलगाडीने पोचली होती; गावातली बाकीची पोरं जागी झाली, असं गिरधरभाऊंनी सांगितलं. आज दगाच्या हिरड्या शिवशिवत होत्या म्हणून थोडी जास्त दिली, असं ती रडत सांगत होती. पण बालवाडीत आणताना गोळी मुळात द्यायचीच कशाला, प्रमिलाबाईंनी विचारलं. फुलवंताबाई मंगलाबाईंकडे बघून खाली बघायला लागली.

"काकू, तुम्हले पोरं नहीत. या सगळा एकदम रडनात तं तुम्हले कसं जमी? म्हनीसन आम्हीन सगळ्या जराजराशी देतस."

म्हणजे हीही कीवच. गावाने मंगलाबाईंवर दया म्हणून पोरांना गोळी चारली होती. त्यांना जे लागलं ते फार आत लागलं. पण समोरच्या बाईची दोन गेली होती आणि तिसरं जाता जाता राहिलं होतं. तिच्यावर रागवायचं कुठल्या तोंडाने?

"रडू दे त्यास्ले," त्या म्हणाल्या. "माले जमी."

प्रमिलाबाई म्हणाल्या, मी आहे तेच लिहिणार, पण केंद्र बंद करा असं नाही लिहिणार. पैसा द्यायचा तर अशाच गावाला द्यायचा. मात्र बायकांनी पोरं पाठवली तर. आणि पाठवायची तर जागी.

दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही सतरंज्या मोकळ्याच. गावात कुजबुज चालली होती की मंगलाबाईंनी सरकारपुढे आयांची अब्रू काढली. मंगलाबाई दूध कालवायच्या आणि सायंकाळी गिरधरभाऊ मुकाट्याने पिऊन टाकायचे.

चौथ्या दिवशी सकाळी लांबूनच आरडाओरडा ऐकू आला. दगा आईच्या काखेत हातपाय झाडत, गाव डोक्यावर घेत येत होता. फुलवंताबाईने त्याला मंगलाबाईंच्या हाती दिलं. मंगलाबाईंनी त्याचं तोंड उन्हाकडे केलं, डोळे पाहिले. तो त्यांच्या केसांना धरून आणखीच भोकाड पसरायला लागला. फुलवंताबाईचे हात आपोआप पुढे झाले.

"जाय तू वेचाले," मंगलाबाई म्हणाल्या.

फुलवंताबाई थोडी घुटमळली. मग पाटी डोक्यावर घेतली आणि चालू लागली. दगाचं रडणं शेताकडच्या पांदीपर्यंत तिच्या मागे येत होतं, पण तिने एकदाही वळून पाहिलं नाही.