आम्ही म्हणजे कोण

मी मुळातच भित्री आहे. पाल दिसली की खोली तिची. पण मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती एका साध्या सर्वनामाची, "आम्ही" या शब्दाची.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मी तत्त्वज्ञान घेतलं होतं. वर्गात मुलं बोटांवर मोजण्याइतकी. घरच्यांच्या मते हा विषय म्हणजे लग्न ठरेपर्यंत वेळ काढण्याचा उद्योग. मला मात्र पुढं एम.ए. करायचं होतं. वडिलांचं सोलापूरच्या नवी पेठेत कापडाचं दुकान आहे. त्यांनी एकच अट घातली होती : कॉलेजची कसलीही कुरबुर दुकानाच्या पायरीपर्यंत आली की शिक्षण तिथंच बंद.

जगातले धर्म हा पेपर शिकवणाऱ्या सरांचा एक हट्ट होता. प्रत्येकानं दुसऱ्याच्या धर्मावर बोलायचं, आणि बोलताना "ते" म्हणायचं नाही. "ते असं मानतात म्हटलं की तुम्ही फुटपाथवरून बघताय. आम्ही म्हणा. मग जीभ आपोआप जपून चालते." त्यांनी स्वतःच्या डब्याच्या झाकणात चिठ्ठ्या टाकल्या. मला इस्लाम आला. माझ्या बाकावरची मैत्रीण मुसलमान, तिचे वडील रिक्षा चालवायचे. तिला आला लिंगायत धर्म, म्हणजे माझा. आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो.

मग एकमेकींची शिकवणी सुरू झाली. ती माझे अरबी उच्चार सुधारायची आणि मी तिच्या डाव्या तळहातावर खोडरबर ठेवून इष्टलिंगाची, म्हणजे आम्ही गळ्यात बाळगतो त्या लिंगाची, पूजा कशी करतात ते दाखवायचे. "आम्ही लिंग तळहातावर घेतो," ती घोकायची आणि हात असा काही पुढं धरायची, जणू रबर हललं तर पाप लागेल. आमच्या घरात मीसुद्धा इतकं मन लावून कधी पूजेला बसले नव्हते.

आधी माझी पाळी आली. मी बोलले, आणि बरं बोलले. "आम्ही मूर्ती पूजत नाही. देव एकच आहे आणि आम्ही फक्त त्याच्यापुढं झुकतो." मागच्या बाकावर एकाचा मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा होता. तो मला दिसला होता, पण मी टाळ्यांच्या नादात होते.

दोन-तीन दिवसांनी वळसंग गावाहून मामाचा आईला फोन आला. आईनं फोन ठेवला आणि माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू मी घरात नवीनच आले होते. मग तिच्या मोबाईलवर तो तुकडा आला. माझा चेहरा, माझा आवाज, तेवढीच दोन वाक्यं. आधीचं इस्लाम हे नाव नाही, सरांचा नियम नाही. खाली कुणीतरी लिहिलं होतं, सोलापूरच्या पोरींना कॉलेजात काय शिकवतात बघा. दुपारी वडिलांचा फोन. "दुकानात ये." बाकी काही नाही.

नवी पेठ मी लहानपणापासून तुडवलेली. त्या दुपारी मात्र ती संपता संपेना. बांगड्यांच्या दुकानातल्या बाईनं नेहमीसारखी हाक मारली, तर मला वाटलं, हिनंपण बघितलाय. कुणी मोबाईलकडं बघून हसलं की मी मान खाली घालून पुढं सटकायचे. एम.ए. गेलं, बी.ए.सुद्धा गेलं, हे मी मनात मान्य करून टाकलं होतं. आता फक्त दुकानात तमाशा होऊ नये एवढंच वाटत होतं.

दुकानात गादीवर दोन माणसं बसली होती. ओळखीची नव्हती, पण जाब विचारायला आली होती हे कळत होतं. चहाला कुणी हात लावला नव्हता. त्यातल्या एकानं माझ्यासमोर तो तुकडा पुन्हा लावला आणि स्वतःचाच आवाज मला परका वाटला. वडिलांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्याकडं न बघता घरच्या कानडीत विचारलं, "नावु अंद्रे यारु?" आम्ही म्हणजे कोण?

खरं सांगितलं तर मैत्रीण आणि सर अडकणार. गप्प बसले तर मी.

वडिलांनी उत्तराची वाट बघितली नाही. ते त्या माणसांना म्हणाले, "आमी म्हंजे आमी की. लिंगायत. आमी मूर्ती पुजत न्हाय, इष्टलिंग पुजतो. देव एकच. पोरगी घरचंच बोलतीया, त्यात काय हाय?"

"सिद्धेश्वराच्या देवळात तर जाता की," पहिला म्हणाला.

"जातो की. तितं हात जोडतो. पूजा हितं, तळहातावर."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग दुसरा म्हणाला, "लिंग हाय का हिच्या गळ्यात?"

कॉलेजला जाताना मी ते कितीदा तरी कपाटात काढून ठेवायचे. त्या दिवशी घातलंय की नाही, मला आठवेना. "दाखव," वडील म्हणाले. कुडत्याच्या गळ्यात हात घातला, दोरा लागला, आणि मी लिंगाची चांदीची डबी बाहेर काढली. ती बटणावर वाजली. माणसं उठली. वडिलांनी त्यांना चहा प्यायला लावला.

मी घरचंच बोलले असं वडिलांना खरंच वाटलं होतं, की मला वाचवायला ते तसं म्हणाले, हे मी आजवर विचारलेलं नाही. रात्री जेवताना ते एवढंच म्हणाले, "परीक्षा दे."

पुढच्या आठवड्यात मैत्रिणीची पाळी होती. सरांनी सगळ्यांचे मोबाईल टेबलावर ठेवून घेतले, दारही लावलं. ती उभी राहिली. तिच्या पहिल्या "आम्ही"ची मी वाट बघत होते.

"लिंगायत लोक," ती म्हणाली, "ते इष्टलिंगाची पूजा करतात. ते देव एकच मानतात."

सरांनी मान वर केली, पण टोकलं नाही. मला आधी रागच आला. मग एकदम भीती वाटली, माझ्यासाठी नव्हे, तिच्यासाठी. माझ्या वाक्याला निसटायला वाट होती. तिचं "आम्ही" कुणी कापून फिरवलं असतं तर तिच्या वडिलांनी रिक्षा स्टँडवर काय सांगितलं असतं? आणि तिनं गळ्यातून काय काढून दाखवलं असतं?

"पूजेच्या वेळी ते लिंग," ती बोलत होती, आणि तिचा डावा हात सवयीनं पुढं आला, तळवा उघडला. तिनं हाताकडं पाहिलं, मूठ मिटली आणि ओढणीखाली घेतली. "...तळहातावर घेतात."

बाकावर येऊन बसल्यावर तिनं हळूच विचारलं, "काय चुकलं का गं?"

"नाही," मी म्हणाले. खरंच, एकही शब्द चुकला नव्हता.