पोटातली लाट

आत्याला घरात सगळेच आत्या म्हणत. भाच्यांचं ठीक आहे, पण त्यांचं ऐकून थोरला भाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनीही तेच म्हणू लागले, आणि पुढेपुढे फोनवर ती स्वतःच ‘मी आत्या बोलतेय’ म्हणायची.

समुद्राचा अभ्यास करणारी बाई म्हणून ओळखीपाळखीत तिचा दबदबा होता. प्रत्यक्षात ती बसायची संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत, जिच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या तेवढ्या दिसत. समुद्र भेटायचा तो पडद्यावर. उपग्रहावरच्या रडारने ढगांमधूनही टिपलेला, करडा आणि खरबरीत. त्यावर कुठेकुठे काळ्या-पांढऱ्या पट्ट्या उमटत, बोटाच्या ठशासारख्या एकीमागे एक. त्या लाटांच्या खुणा शोधायच्या आणि माऊसने त्यांच्यावर रेघा मारायच्या, हे तिचं काम. नवीन असताना तिने एका लांबलचक पट्टीवर पानभर कौतुक लिहून वरिष्ठ बाईंना दाखवलं होतं. बाईंनी चष्मा पुसला आणि शांतपणे सांगितलं, “तुमची ही लाट मालवाहू आहे.” पट्टी जहाजामागे उरलेल्या पाण्याची होती.

दादा प्लंबर. पाणी एकतर वाहतं नाहीतर गळतं, तिसरा धंदा पाण्याला ठाऊक नाही, असं त्याचं स्वच्छ मत होतं. आपल्या लाटा पाण्याच्या वर नसून आत असतात, हे आत्याने सांगितलं की तो वहिनीकडे बघून भुवया उडवायचा. एकदा तिने बाटलीत तेल आणि रंगीत पाणी भरून, बाटली कलती करून, दोन्हींच्या मधून सरकणारी संथ लाट दाखवली. दादा म्हणाला, समुद्रात तेल सापडलं असतं तर तू अशी आमच्याकडे चहाला आली असतीस का? शेवटी तिने गीझरचा दाखला दिला. गरम पाणी वर, गार पाणी खाली, आणि मध्ये दोघांची सीमा. समुद्रातही तसंच, भरती-ओहोटीचं पाणी तळाच्या उंचवट्यावरून घसरलं की ती सीमा हेलकावते. आतली लाट बहुमजली इमारतीएवढी असली, तरी वर मात्र पाणी कुठे शहारतं, कुठे गुळगुळीत होतं, एवढंच. रडारला तेवढं पुरतं. दादाच्या भुवया या वेळी जागेवरच राहिल्या. गीझरचा अपमान करणं त्याला जमण्यासारखं नव्हतं.

मग एक संधी आली. उपग्रह नेमका दुपारी सामुद्रधुनीवरून जाणार होता, आणि भरतीच्या हिशेबाने तेव्हाच लाटांचा एक जथा तिथे पोहोचणार होता. पाण्यावरून कोणी फोटो काढले, तर ते उपग्रहाच्या चित्राशी ताडून बघता आले असते. संस्थेची बोट दुरुस्तीला गेली होती. आत्याने प्रवासी बोटीची तीन तिकिटं काढली, कारण दादाने “एवढी मोठी लाट आहे तर एकटीने का बघायची” असं म्हणून स्वतःला आणि वहिनीला जोडून घेतलं.

इतकी वर्षं समुद्रावर रेघा मारणारी आत्या बोटीत पहिल्यांदाच पाय ठेवत होती, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. बोट धक्क्यावरून सुटली आणि तिच्या पोटाने ते सांगून टाकलं. सामुद्रधुनीच्या मध्यावर येईपर्यंत ती कठड्याशेजारच्या बादलीवर वाकलेली होती आणि वहिनी तिचं कपाळ धरून उभी होती. आत्याने मान वर न करता कॅमेरा दादाच्या हातात दिला आणि काय दिसतंय ते सांगत राहा म्हणाली.

दादाने धंद्यातल्या माणसासारखं सांगितलं. पुढे एक पट्टा आहे, लांबच लांब, दोन्हीकडे नजर पोहोचत नाही. पाणी उकळी फुटायच्या आधी थरथरतं तसं दिसतंय. कडेला फेस आणि काडीकचरा ओळीने जमलाय. आता आपण आत शिरलो. आवाज येतोय, टाकीत बारीक धार पडावी तसा. मग तो कठड्यावरून पुढे वाकला.

“आत्या, पुढे सगळं सपाट आहे. कोणी रंधा मारल्यासारखं. आणि त्याच्या पुढे परत तोच पट्टा.”

“किती पट्टे आहेत?” आत्याने बादलीतून विचारलं.

“अगं, येतायत अजून,” दादा म्हणाला, आणि फोटो काढत सुटला.

त्याने काढलेल्या फोटोंपैकी निम्म्यांत त्याचा अंगठा होता. उरलेल्यांत मात्र पट्टे लख्ख होते. चारआठ दिवसांनी उपग्रहाचं चित्र आलं, तेव्हा तो हातातलं काम टाकून आत्याच्या खोलीत हजर झाला आणि पडद्यावर नाक टेकवून, यात आम्ही कुठे, असं विचारू लागला. दुसऱ्या पट्टीच्या काठावर एक पांढरा ठिपका होता. ती बोट. दादाने त्या ठिपक्याची प्रत मागून घेतली आणि दुकानात लावली. नळ दुरुस्त करून घ्यायला आलेल्यांना पाण्याच्या आत पाणी कसं हलतं ते ऐकल्याशिवाय आता सुटका नसे.

आत्याचं सगळ्यांनी कौतुक केलं, पण तिच्या मनाला लागून राहिलं. तिच्या लाटा दादाने पाहिल्या आणि तिने बादली पाहिली. पुढच्या वेळी डॉक्टरांकडून गोळी घेऊन ती परत बोटीत बसली. गोळीने पोट शांत झालं आणि डोळेही मिटले. सामुद्रधुनीच्या मध्यावर ती वहिनीच्या खांद्यावर घोरत होती.

“आत्या, उठा,” वहिनीने तिला गदागदा हलवलं. “तुमच्या लाटा आल्या.”

आत्या धडपडत कठड्याशी गेली. पाणी शहारत होतं, काडीकचरा ओळीने तरंगत होता, मग सपाट, मग परत शहारा. भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने ते सगळं बोटीखालून निघून गेलं. शेजारचे प्रवासी वर्तमानपत्र वाचत होते. काही घडलंय असं त्यांच्या गावीही नव्हतं. आत्याला हसू फुटलं, ते आवरेना. पडद्यावर नेहमी आवाज बंद असायचा. इथे पाणी खरंच कुजबुजत होतं. दादा शेजारी येऊन, आता पुढचा पट्टा बघ, तो जास्त चांगला आहे, असं घरच्या पाहुण्याला सांगावं तसं सांगू लागला. आत्याने त्याला सांगू दिलं.