राखेतला वाल

आमच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर वालाचा एक मांडव होता. जांभळ्या काठाच्या, रुंद शेंगा. बजारात सेमी म्हणून जे विकतात ते निव्वळ पाणी, त्याचं नाव नोको काढू. हा वाल मायनं लग्नानंतर माहेरून, भंडाऱ्याकडच्या खेड्यातून आणलेला. थंडी पडली की लागे, तो होळीपर्यंत. बी दरसाल त्याच वेलाचं, डब्यात राख भरून त्यात ठेवलेलं.

मायची एक रीत होती. वेल मांडवावर चढला की सगळ्यात दमदार वेलाले ती आपल्या लुगड्याची चिंधी बांधे. तो वेल बियाचा. "हात लावशीन त पाह्यजो!" म्हणे. जावई आले तरी त्या शेंगा तुटत नसत.

यंदा तिनं आषाढात वाल लावला, चिंधीही बांधली, अन् पोळ्यानंतर गेली. मले काहीच वाटलं नाही. लोक रडून राह्यले होते अन् मी खुर्च्या लावून राह्यलो होतो. तेरवीच्या आदल्या दिवशी घर धुतलं, परस झाडलं. मांडवावर चिंधी दिसली. गेलेल्या माणसाचं कापड घरी ठेवत नाहीत, म्हणून तिच्या लुगड्यांसंग तीही वैनगंगेत सोडली. कोणी सांगतलं नव्हतं. मीच सोडली.

हिवाळ्यात वेल असा लदला की मांडव वाकला. सगळ्याच वेलांच्या शेंगा तोडायच्या, भाजी करायची, उरल्या त शेजारच्या काकीले द्यायच्या. मीठ कमी का जास्त, तेही मले समजे ना. काकी म्हणे, "मायच्या हातचा वेल आहे बापा, खाय पोटभर." मी हौ म्हणो. सकाळी फुलं दवानं ओली राहत. मी चहा घेऊन तिथं उभा राहो. बस, उभा राहो.

होळीच्या आधी वेल वाळायले लागले. उरल्यासुरल्या निबर शेंगा तोडल्या, दाणे गंजात शिजायले टाकले, वेल उपटून फेकले. तेवढ्यात लालबर्ऱ्याहून माह्या मोठ्या बहिणीचा फोन आला.

"काहून रे, बी ठेवलंस न? माहा वेल यंदा माव्यानं खाल्ला. मायचा वाल आता तुयाच घरी आहे."

"हौ बाई, ठेवलं न."

"राखेत?"

"हौ."

फोन ठेवला अन् चुलीकडे धावलो. गंज खळखळ उकळून राह्यला होता. हात घालूनच दाणे काढले. भाजलं, अन् कितीक महिन्यांनी मले काहीतरी लागलं. दाण्यांची सालं सुटली होती. मूठभर फडक्यावर पुसले, मायच्या डब्यातल्या राखेत ठेवले, झाकण लावलं. शिजलेलं बी उगवत नाही, एवढं काय मले मालूम नाही?

बाई आषाढात येईन अन् डबा उघडीन. तोवर मी त्याले हात लावत नाही.